शेवटच्या ओळीतलं कॉलेज

माझे बाबा आयुष्यात कुठल्याही बगिच्यात समोरून शिरले नाहीत. आमच्या नरखेडच्या बाजूला संत्र्याच्या बागेला बगीचा म्हणतात, आणि बगीचा घेणं म्हणजे जमीन घेणं नव्हे, तर झाडांवर उभा असलेला त्या वर्षाचा बहार विकत घेणं. बाबांचा हाच धंदा. घरची थोडी झाडं होती, पण त्यांचा खरा जीव दुसऱ्यांची झाडं पाहण्यात. मालक बिचारा फाटकाशी टोपी सारखी करून उभा, बाज टाकलेली, चहाचं आधण ठेवलेलं. आणि बाबा मागच्या नाल्यातून, काटेरी कुंपणात अडकलेलं धोतर सोडवत, शेवटच्या ओळीत उगवायचे. "विहिरीजवळची झाडं कोणाचीही चांगलीच राहतात," ते म्हणायचे. "जिथं पाणी सरते, तिथलं झाड पाहा. तिथं बगीचा समजते." मग ओळीओळीनं उलटे चालत ते फाटकापाशी यायचे, तोवर चहा गार झालेला असायचा आणि मालकाचा चेहराही.

दुसरा नियम असा, की जो माल आवडला त्याला नावं ठेवायची. झाडं रोगट आहेत, फळ बारीक आहे, साल जाड आहे, रस्ता भिकार आहे, तुमचा कुत्रासुद्धा कामाचा नाही. बाबा असं बोलायला लागले की समजावं, बगीचा त्यांच्या मनात भरला. आणि जो घ्यायचा नाही, त्याची मात्र तोंड भरून स्तुती. "गजब बगीचा आहे जी तुमचा!" म्हणायचं, चहा प्यायचा, हात जोडायचे आणि चालायला लागायचं. जाणाऱ्या माणसानं गोड बोलून जावं, यात काय जाते, असं त्यांचं मत. ही रीत इतकी अंगात मुरली होती की घरातही तीच चालायची. आईनं वांग्याची भाजी केली आणि बाबा म्हणाले, "तेल जास्त, मीठ कमी, अन् वांगी जून," की आई लगेच आणखी पोळ्या लाटायला घ्यायची. मावशीकडच्या लग्नात त्यांनी "वा, काय स्वयंपाक आहे!" अशी दाद दिली आणि घरी येऊन अधाशासारखे भाकरी-ठेच्यावर तुटून पडले. मला तर ते उठता-बसता नावं ठेवायचे. पण ते मी धंद्यात धरत नव्हते. मला वाटायचं, माझ्यात खरोखरच तेवढे दोष असतील.

दिवाळीच्या सुमाराला आमच्या अंगणात नुसती ठोकाठोक असायची. लाकडी पेट्या ठोकणारे ओसरीत बसलेले, पेट्यांत अंथरायच्या तणसाचा वास, संत्र्याच्या सालीनं चरचरणारे डोळे, आणि त्या सगळ्या गोंगाटावर आईचा आवाज, "पोरीले अभ्यास करू द्या नं!" पेटीच्या पाठीवर पुस्तक टेकवून मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक केली, आणि पास झाले. गावात मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी नव्हते, त्यामुळे बँड वगैरे काही वाजला नाही. पण मला पुढं शिकायचं होतं, नागपूरला, होस्टेलात राहून. का ते विचारू नका. मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. मी एकदा नागपूरच्या रस्त्यानं दोन वेण्या घातलेल्या मुली छातीशी पुस्तकं धरून मोठमोठ्यानं हसत जाताना पाहिल्या होत्या, आणि तेव्हापासून मला तसं रस्त्यात मोठ्यानं हसायचं होतं. आता सत्तरी उलटल्यावर सांगायला हरकत नाही, उच्च शिक्षणामागची माझी प्रेरणा एवढीच.

याला विरोध होता द्वारका आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याच गावात येऊन राहिली होती, शेजारीच, आणि आमच्या घरातला कुठलाही निर्णय तिच्या उंबऱ्यावरून वळसा घेऊनच पुढं जायचा. तिनं माझ्यासाठी काटोलकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा काय करतो विचारलं तर "बसून राहते, घरचं बरं आहे" असं कौतुकानं सांगायची. आईनं बाबांमागं भुणभुण लावली, जेवणात सलग वांगी केली, आणि शेवटी बाबांनी तोड काढली. म्हणाले, "एक दिवस देतो. नागपूरले जाऊ, कॉलेजं पाहू. मले पसंत आलं तं ठेवीन पोरीले. नाही आलं, तं काटोलवाल्यायले हो म्हणू." लगेच आत्या म्हणाली, "मीबी येतो." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, येतो, जातो. आणि ती कशाला येत होती ते सांगायला नको.

आजकाल माझ्या नातीला कॉलेजं दाखवायला तिचे आईबाप घेऊन जातात ते पाहते. गुळगुळीत कागदाच्या पुस्तिका, गळ्यात पट्टा अडकवलेली हसरी पोरं, 'हे आमचं सभागृह, हा आमचा तरणतलाव.' सगळं विहिरीजवळचं. मागच्या महिन्यात मी त्यांच्यासोबत गेले आणि न सांगता मागच्या बाजूला गेले, तर सून म्हणाली, "आई, बाथरूम इकडे आहे." कोणाकोणाला समजावत बसणार?

तर आम्ही निघालो. आईनं तिखट पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आत्यानं गावरान आंब्यांची एक टोपली घेतली, कोणाला द्यायची ते ठरलं नव्हतं. बाबांनी ठेवणीतलं धोतर, पांढरी टोपी आणि खांद्यावर नवा दुपट्टा. एस.टी.त मी खिडकीशी बसून मनातल्या मनात कॉलेजात दाखल झालेसुद्धा. नागपूरला उतरल्यावर बाबांनी सायकलरिक्षा ठरवली आणि नागपुरातल्या तेव्हाच्या सर्वांत नावाजलेल्या कॉलेजापाशी आलो. नाव सांगत नाही, तिथं शिकलेले लोक अजून ठणठणीत आहेत आणि भांडखोर आहेत. समोर उंच खांब, घड्याळाचा मनोरा, पायऱ्यांवर पोरंपोरी. मी रिक्षातून उतरायलाच निघाले.

"मांगून घे भाऊ," बाबा रिक्षावाल्याला म्हणाले.

"पीछे से तो रस्ता ही नहीं है, काका. पीछे नाली है."

"नालीच पाहिजे," बाबा म्हणाले.

नाली ओलांडून, एका पडक्या भिंतीवरून आत्याला वर ओढून आणि पलीकडं उतरवून, आम्ही नागपूरच्या सर्वांत नावाजलेल्या कॉलेजात दाखल झालो ते थेट मुलांच्या मेसच्या मोरीत. तिथला आचारी टोपलीकडे पाहून ओरडला, "कांदे आणले का? सकाळपासून वाट पाहून राहिलो!" बाबांनी त्याला सांगितलं की कांदे नाहीत, पोरगी आणली आहे. तो इतका गोंधळला की बाबांनी डाळ चाखायला मागितली तेव्हा त्यानं निमूट वाटी भरून दिली. बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! गजब डाळ आहे जी." गेलं हे कॉलेज, मी ओळखलं.

पुढं एका वर्गाचं मागचं दार उघडं होतं. वरच्या वर्षांचे तास सुरू झाले होते. एक प्राध्यापक वहीत डोकं घालून काहीतरी वाचत होते, वाचत होते आणि वाचतच होते. बाबा आत शिरून शेवटच्या बाकावर बसले. त्या बाकावर एक पोरगा हातावर गाल टेकून असा झोपला होता, की लाळेचं तळं झालं होतं. बाबांनी त्याला हलवलं. "काय शिकवून राहिले बा गुरुजी?" पोरानं एक डोळा उघडला, टोपी पाहिली, बहुतेक स्वप्नात आजोबा आले असं वाटून पुन्हा मिटला. त्याच्या शेजारचा पिशवीखाली सिनेमाचं मासिक वाचत होता, त्यानं ते बाबांपुढं प्रेमानं सरकवलं. तास संपल्यावर प्राध्यापकांनी आम्हाला पाहिलं आणि विचारपूस केली. बाबा उठून उभे राहिले, हात जोडले. "इमारत गजब, हवा गजब, तुमचं शिकवणंबी गजब. पोरायले किती शांत झोप येते!" प्राध्यापक खुलले. "मग आजच अर्ज भरा ना!" बाबा म्हणाले, "पाहतो जी, पाहतो," आणि आम्ही निघालो. ते गृहस्थ पायऱ्यांपर्यंत पोचवायला आले होते, आणि बाबा तितक्याच अदबीनं त्यांना मागच्या भिंतीकडे घेऊन चालले होते. मी मागून पाय ओढत. आत्याची चाल मात्र एकदम हलकी झाली होती, भिंतीवर ती कोणाचा हात न धरता चढली.

दुसरं कॉलेज विज्ञानाचं. तिथं मागून जे दार उघडं मिळालं ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचं. हौदात बेडूक, कपाटांवर बरण्या, बरण्यांत काय होतं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि कोपऱ्यात खुंटीला टांगलेला माणसाचा अख्खा सांगाडा. आत्याची टोपली हातातून सुटली. आंबे घरंगळत सगळ्या टेबलांखाली गेले. "माय वं!" म्हणून तिनं किंकाळी फोडली तसा बिडी विझवत शिपाई धावत आला. आत्यानं पदर तोंडाशी धरून त्याला विचारलं, "बाई का माणूस?"

"बाई होती म्हणतात," शिपाई म्हणाला.

झालं. आत्याची भीती कुठल्या कुठं पळाली आणि तिच्या अंगात मोठी बहीण संचारली. "बाईले असं उघडं टांगून ठेवलं? लाज नाही वाटत? पोरं येतात नं इथं?" शिपाई म्हणू लागला की आजी, तिच्या अंगावर आता झाकण्यासारखं काही राहिलेलंच नाही. पण आत्या ऐकते कशाला! तिनं बाबांच्या खांद्यावरचा नवा दुपट्टा ओढला आणि त्या सांगाड्याच्या दोन्ही खांद्यांवरून नीट पांघरून, टोक कमरेशी खोचून दिलं. खोचायला कंबर नव्हती, म्हणून बरगडीत खोचलं. मग पायाशी एक आंबा ठेवून नमस्कार केला. बाबांनी आपल्या दुपट्ट्याकडे पाहिलं, बेडकांकडे पाहिलं, आणि शिपायाला म्हणाले, "लय मोठं ज्ञान आहे जी इथं. गजब." मी खाली वाकून टेबलाखालचे आंबे गोळा करायला लागले, कारण माझे डोळे भरून आले होते.

पुऱ्या खायला आम्ही एका मैदानातल्या कडुनिंबाखाली बसलो. आत्याला चांगली भूक लागली होती. "काटोलवाल्यायच्या घरी दोन म्हशी आहेत," ती पुरी मोडत म्हणाली. "पोरीले दुधाचं कमी नाही पडणार." शेवटी मी भडकलेच.

"बाबा, तुम्ही समोरून काहून नाही जात? कॉलेज काय बगीचा आहे का? मागून पाहिलं तं कोणतंही कॉलेज मोरीच दिसन!"

बाबांनी शांतपणे चटणी चाटली. "विमे, तू पुढं बसणारी पोरगी नाही," ते म्हणाले. "मी तुले ओळखतो. गावाकडची, बुजरी. वर्गात गेली की सगळ्यात मांगं जाऊन बसशीन. तुले विहिरीजवळ कोण बसू देणार आहे? मले पुढचं पाहून काय करायचं?"

रागानं मी आणखी दोन पुऱ्या खाल्ल्या.

दिवस कलायला लागला. शेवटची गाडी धरायची होती आणि बाबांच्या मनात आता एकच कॉलेज राहिलं होतं, सदर भागाच्या पलीकडं, मुलींचं, एका जुन्या बंगल्यात भरणारं. दर्शनी भाग इतका साधा की रिक्षावाला पुढं निघून गेला होता आणि परत वळावं लागलं. मागच्या बाजूला होस्टेल होतं. दोरीवर साड्या वाळत होत्या, एक मुलगी विहिरीच्या कट्ट्यावर केस मोकळे सोडून मोठ्यानं इतिहास पाठ करत होती, आणि कुणीतरी आत भांड्यावर भांडं आपटत गाणं म्हणत होतं. बाबांनी साड्यांखालून वाकून वाट काढली. मुलींचा वर्ग असल्यामुळं ते आत गेले नाहीत. आत्याला आणि मला त्यांनी मागच्या दारानं शेवटच्या बाकावर बसवलं आणि स्वतः मागच्या खिडकीबाहेर उभे राहिले. खिडकीच्या चौकटीत टोपी, खाली दोन कोपरं. शिकवणाऱ्या तरुण बाईंनी "कोण आपण?" असं विचारलं तेव्हा टोपी म्हणाली, "तुमचं चालू द्या जी. आम्ही पाहून राहिलो." वर्गभर खसखस पिकली.

बाई पावसाळी वाऱ्यांबद्दल शिकवत होत्या. माझ्या शेजारच्या मुलीला बाबांनी खिडकीतून हळूच विचारलं, "काय वं, समजून राहिलं का?" ती मुलगी जरा विचार करून म्हणाली, "नाही जी." आणि लगेच तिनं हात वर केला. मोठ्यानं म्हणाली, "बाई, इथं मागे काही समजलं नाही." मी घाबरले. आमच्या शाळेत असं म्हटलं असतं तर छडी बसली असती. पण त्या बाई खडू घेऊन फळ्यापासून निघाल्या, बाकांच्या मधून चालत थेट आमच्यापर्यंत आल्या, आणि त्या मुलीच्या बाकावरच खडूनं समुद्र, डोंगर आणि बाण काढून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. खिडकीतून बाबा त्यांच्या पावलांकडे पाहत होते. पाटातून पाणी येताना ते शेवटच्या झाडापाशी उभं राहून पाहायचे, तसे.

बाई परत फिरल्यावर बाबा खिडकीतून माझ्या कानाशी वाकले. "बाक हालते," ते कुरकुरले.

मला असा आनंद झाला म्हणून सांगू! सकाळपासून पहिल्यांदाच बाबांनी कशाला तरी नाव ठेवलं होतं. मी बाक मुद्दाम आणखी हलवला.

प्राचार्य सबनीस बाई म्हणजे सडपातळ, चष्म्यातून सरळ पाहणाऱ्या, बोलणं मोजकं. आम्ही त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्यांनी प्रेमानं बसायला सांगितलं आणि माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. आणि बाबा सुरू झाले. "बाई, तुमच्या भिंतीचे पोपडे निघून राहिले. घंटा फुटकी आहे, आवाज बसका येते. नळाले तोटी नाही. कॉलेज रस्त्यावरून दिसतबी नाही, रिक्षावाला पुढं गेला. अन् त्या वाऱ्यावाल्या बाई तं एकच गोष्ट दोनदोनदा शिकवतात, असं शिकवलं तं पुस्तक कधी संपन?" जितकं कॉलेज आवडलं होतं तितकं त्यांचं तोंड सुटलं. मी खुर्चीत आनंदानं वितळत होते, आणि सबनीस बाईंच्या कपाळावर आठ्यांवर आठ्या चढत होत्या. ते पाहून माझ्या लक्षात आलं की अरे देवा, या बाई संत्र्याच्या मुलखातल्या नाहीत! यांना हे सगळं खरं वाटून राहिलं आहे!

"तुम्हाला इथलं काहीच पसंत नाही," बाई म्हणाल्या, "तर माझा वेळ कशाला घेता? मुलीला दुसरीकडे घाला."

"पाहून तं राहिलो जी," बाबा खुशीत म्हणाले. "पंखाबी कुरकुर करते."

आत्यानं पुऱ्यांच्या रिकाम्या फडक्याची गाठ बांधायला घेतली. तिला कळत होतं, बाबा घेणार आहेत, पण माल हातचा चालला आहे. बाबांची रीत बाईंना सांगावी म्हणून मी तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. सबनीस बाईंनी आता माझी गुणपत्रिका पुढं ओढली होती. त्या चांगल्याच चिडल्या होत्या.

"इंग्रजी काठावर. गणित काठावर, तेही खालच्या बाजूनं. अर्जावरचं अक्षर म्हणजे मुंग्या निघाल्या आहेत वारुळातून. आणि काय गं, ताठ बसता येत नाही का? पाठीला पोक येईल. गावाकडून अशा मुली येतात, चार दिवसांत रडत घरी जातात. ही इथे टिकेल असं मला मुळीच वाटत नाही."

मी संपले असं मला वाटलं. मान खाली गेली. पण शेजारी बाबा खुर्चीत एकदम सरसावून बसले. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी आत्याला कोपरानं ढोसलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "अक्का! बाईंले आपली पोरगी पसंत आली!"

"पसंत? अरे, ती नावं ठेवून राहिली पोरीले!"

"तेच तं!" बाबा म्हणाले.

आत्या मात्र तापली होती. सकाळपासून तिला मी घरी परत हवी होते, आणि आता तर घरी परत न्यायला एक बाई मदतच करत होती. पण आपल्या घरच्या पोरीला परक्या बाईनं नावं ठेवायची, तीही आपल्यासमोर? आत्या उभी राहिली, फडकं कमरेला खोचलं. "ओ बाई! पोक म्हणता? पेट्यायच्या पाठीवर पुस्तक ठेवून शिकली ती, म्हणून वाकली. टिकणार नाही म्हणता? आमच्या घरातलं कोणी कुठून रडत आलं नाही अजून. आता तं ही इथंच शिकन. तुमच्या नाकासमोर शिकन!" आणि ती परत खुर्चीत बसली ती अशी, की आता नाव लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही हे खोलीतल्या पंख्यालाही समजलं असतं. शेवटी उरलेले आंबे तिनं बाईंच्या टेबलावर रागारागानं ओतले. "खा. गोड आहेत," ती म्हणाली.

पुढं शेवटच्या वर्षी निरोपाच्या दिवशी मी धीर करून सबनीस बाईंना विचारलं, की तेव्हा तुम्हाला मी खरंच पसंत होते का? बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "छे गं. मला तुम्ही तिघंही खोलीबाहेर हवे होतात. पण तुझी आत्या खुर्चीतून उठेना." हे मी बाबांना कधीच सांगितलं नाही. ते गावभर सांगायचे की प्राचार्य बाई काय पारखी आहेत, माल पाहिल्याबरोबर दोष काढायला लागल्या.

होस्टेलात सोडायला बाबा एकटेच आले. ट्रंक आत ठेवली, गादी ठेवली, विहिरीत वाकून पाणी पाहिलं. मग आम्ही मागच्या फाटकाशी उभे राहिलो. मला वाटलं, आता तरी दोन चांगले शब्द बोलतील, बाप लोक बोलतात तसे. बाबांनी टोपी सारखी केली आणि सुरू झाले. "तुले सकाळी उठता येत नाही. पोळी गोल येत नाही. बोलतेस तं समोरच्याले ऐकू येत नाही अन् भांडतेस तं नाल्यापलीकडं ऐकू जाते. केस नीट विंचरत नाहीस. नाक तं पाहायलाच नको, तुझ्या आजीचं आहे. चालतानी पाय घासतेस, चपला टिकत नाहीत..." ते थांबेचनात. माझ्या जन्मापासूनचे दोष ते एकामागून एक काढत होते आणि गाडीची वेळ होत चालली होती. साड्या काढायला आलेली होस्टेलची मावशी शेवटी न राहवून म्हणाली, "अहो, पोरगी आज पहिल्यांदा घर सोडून राहिली अन् तुम्ही तिले असं काय बोलता?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी हे धंद्यात धरलं नव्हतं. मी हसायला लागले, मोठ्यानं, त्या रस्त्यातल्या मुलींसारखी, आणि हसता हसता गळा काढून रडले. बाबा म्हणाले, "रडणंबी धड नाही," आणि मागच्या फाटकानं निघून गेले.

आता एकच सांगते आणि थांबते. बरीच वर्षं गेली. आत्या गेली, आई गेली, आणि बाबा खूप आजारी पडले तेव्हा मी त्यांना नागपुरातच दवाखान्यात ठेवलं होतं. एका दुपारी मी खाटेशी बसले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "विमे, तू लय चांगली पोरगी आहेस. गजब शिकली. घरदार गजब सांभाळलं. आम्हाले काहीच कमी नाही पडू दिलं तू." त्यांनी डोळे मिटले. नर्स म्हणाली, किती गोड बोलतात ना आजोबा! मला मात्र त्यांची रीत ठाऊक होती. हा माणूस हात जोडून निघाला होता.

मी काय करणार? मी खुर्ची पुढं ओढली आणि सुरू झाले. "बाबा, तुमची दाढी पाहा कशी वाढली. घोरता तं शेजारचा पेशंट झोपत नाही. औषध थुंकून टाकता. धोतर धड नेसता येत नाही. आयुष्यात कधी समोरच्या दारानं आले नाही, लोकायच्या भिंती पाडल्या. आत्याले दुपट्टा देऊन टाकला, तो अजून आणला नाही. एक गोष्ट कामाची नाही तुमच्यात!" नर्स आ वासून पाहत राहिली. मी थांबले नाही.

बाबांनी एक डोळा उघडला. "काय वं," ते म्हणाले, "भाव करून राहिली का?"

"हाव," मी म्हटलं. "घरी नेणार आहे तुम्हाले."

त्या खेपेला नेलंच. घरी खाटेवर बसवलं, उशा लावल्या आणि चहा करून दिला. त्यांनी बशी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर जास्त झाली," बाबा म्हणाले. "अन् आलं जून आहे."

मी आत गेले आणि आणखी एक कप चहा टाकला.